ला दिगला एकच दिवस आहे, तर आधी ओहोटीची वेळ बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून तुम्ही दोघं ऑगस्टमध्ये सेशेल्सला निघाला आहात. मुक्काम प्रालँ बेटावर चार दिवस, त्यातला एक दिवस ला दिग बेटासाठी. यादीत सात किनारे आहेत. मिस्टरांना पोहता येतं, तुम्हाला येत नाही, आणि तुमचा गुडघा चढ-उताराला कुरकुरतो. हे सात किनारे एका दिवसात कसे बसवायचे?

सायकल दामटवली तर बसतील. बेट जेमतेम दहा चौरस किलोमीटरचं आहे. पण मी बरीच वर्षं जोडप्यांना आणि छोट्या गटांना तिथे नेत आले आहे, आणि सात किनारे केलेल्या लोकांना संध्याकाळी बोटीत बसल्यावर कोणता फोटो कुठला हे आठवत नाही, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. तुम्ही तीन किनारे ठेवा. चौथा नुसता बघून यायला. आणि त्यांचा क्रम नकाशा बघून लावू नका, समुद्राच्या वेळेवरून लावा. माझ्या उत्तराचा गाभा एवढाच आहे, बाकीचं सगळं त्याचा तपशील.

तुम्हाला ज्या किनाऱ्यासाठी जायचंय तो आन्स सूर्स दार्जां. (आन्स म्हणजे छोटं आखात. तिथल्या जवळजवळ प्रत्येक किनाऱ्याच्या नावात तो शब्द आहे, त्यामुळे यादी वाचताना गोंधळ होतो.) गुलाबी छटेचे प्रचंड खडक, मध्ये पांढऱ्या वाळूचे चिंचोळे पट्टे, मागे माड. जाहिरातीत दिसतो तो हाच. जाहिरातीत जे दिसत नाही ते असं की हा किनारा दिवसातून दोन वेळा जवळपास नाहीसा होतो. वाळूचा पट्टा मुळातच अरुंद. भरतीला पाणी खडकांच्या पायथ्याशी येऊन भिडतं आणि एका कोनाड्यातून दुसऱ्या कोनाड्यात जायच्या वाटा पाण्याखाली जातात.

सुरुवातीच्या वर्षांत मी एका जोडप्याला पौर्णिमेच्या दिवशी ऐन भरतीला तिथे घेऊन गेले. बोट वेळेवर, हवा स्वच्छ, सगळं छान. किनाऱ्यावर पोचलो तर दोन खडकांच्या मध्ये उभं राहायला हातभर कोरडी वाळू. चपला हातात धरून दोघं अर्धा तास उभे राहिले, पुढे कुठेच जाता येईना. पाणी उतरायला लागलं तेव्हा आमची परतायची वेळ झाली होती. त्या बाई एका शब्दानेही काही बोलल्या नाहीत, पण इतक्या लांबून आलेल्या माणसांना मी काय दाखवलं, हे मला फार लागलं. तेव्हापासून भरती-ओहोटीचं कोष्टक बघितल्याशिवाय मी ला दिगचा दिवस ठरवत नाही.

तुम्हीही तेच करा. ‘पोर्ट व्हिक्टोरिया’ या नावाने सेशेल्सचं भरती-ओहोटीचं कोष्टक इंटरनेटवर मिळतं. व्हिक्टोरिया ही माहे बेटावरची राजधानी. ला दिगच्या वेळा त्यापेक्षा फार वेगळ्या नसतात, आपल्या कामाला पुरेशा आहेत. ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे तुमच्या चार दिवसांत ती अडीच तासांच्या आसपास हलणार. तेव्हा ला दिगचा वार आत्ताच पक्का करू नका. चारही दिवसांच्या वेळा कागदावर लिहा आणि ज्या दिवशी ओहोटी सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान किंवा दुपारी दोन ते चारच्या दरम्यान पडते तो दिवस ला दिगला द्या. उरलेले दिवस प्रालँला. तिथे ‘व्हाले द मे’चं जंगल आहे, 1983 पासून जागतिक वारसा यादीत असलेलं, कोको द मेर या जोडनारळाचं. ते कुठल्याही भरतीला बघता येतं.

तिथीही बघा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, तेव्हा फरक कमी. उधाणाच्या दिवसांत ओहोटी साधली तर सूर्स दार्जांला सर्वांत जास्त फिरता येतं, पण चुकलात तर सर्वांत कमी. भांगाच्या दिवसांत दोन्ही टोकं बोथट असतात, वेळ थोडी इकडेतिकडे झाली तरी चालतं.

आता क्रम.

ओहोटी सकाळची असेल, तर प्रालँच्या बे सेंत आन धक्क्यावरून पहिली बोट पकडा. पंधरा मिनिटांत ला दिगच्या ला पास गावात उतराल. कुठेही न रेंगाळता थेट ल्युनियों इस्टेट गाठा, कारण सूर्स दार्जांची वाट त्या इस्टेटमधूनच जाते आणि तिथे प्रवेशशुल्क आहे. दिवसभराच्या सहलीवर येणारे मोठे गट दहाच्या पुढे येतात. त्याआधीचा तास-दीड तास तुमचा. दुपारी जेवण आणि सावली. मग तीनच्या सुमाराला, भरती आलेली असताना, उत्तरेचा आन्स सेव्हेर. तिथे उथळ खडकाळ तळ आहे, ओहोटीला पोहताना पोट घासतं. भरतीला मात्र मजा येते. शिवाय तो धक्क्यापासून सायकलने दहा मिनिटांवर आहे, म्हणजे शेवटच्या बोटीची धाकधूक नाही.

ओहोटी दुपारची असेल तर हेच उलट करा. सकाळच्या भरतीला आन्स सेव्हेर, मग ग्रांद आन्स नुसता बघून यायचा, आणि अडीचच्या पुढे सूर्स दार्जां. हा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे दुपार कलल्यावर ऊन सरळ खडकांवर येतं आणि त्यांचा गुलाबी रंग खरा उमलतो. फोटोंसाठी मला हा क्रम जास्त आवडतो, निवांतपणासाठी पहिला. तुम्ही दोघांनी काय हवंय ते आधी एकमेकांना विचारून घ्या. वाद व्हायचा तर घरी होऊ दे, इस्टेटच्या दारात नको.

सूर्स दार्जांला वेळ हातचं राखून देऊ नका, किमान अडीच तास ठेवा. सायकल वाटेवर लावून पुढे चालत जायचं. पहिला कोनाडा दिसला की बहुतेक जण तिथेच पसरतात, फोटो काढतात आणि परत जातात. तुम्ही खडकांच्या मधल्या वाटेने पुढे जात राहा. दर वळणाला नवा कोनाडा उघडतो, आणि प्रत्येक पुढच्यात माणसं आधीच्यापेक्षा कमी. ओहोटी असेल तर गुडघाभर पाण्यातून आणखी दक्षिणेला आन्स पिएरोपर्यंत सहज जाता येतं. निघायचं ते ओहोटीच्या तास-दीड तास आधी, म्हणजे जाताना पाणी मागे हटत असतं आणि परत फिरताना ते नुकतंच वळलेलं असतं. त्यापुढचा आन्स मारों मात्र वाटाड्याशिवाय करू नका. मोठमोठ्या खडकांवरून चढत-उतरत जावं लागतं, तुमच्या गुडघ्याला तो मुळीच झेपणार नाही.

एकदा तरी थांबून एखाद्या खडकावर तळहात ठेवा. हा ग्रॅनाइट सुमारे पंच्याहत्तर कोटी वर्षांचा आहे. समुद्राच्या मधोमध असलेली बेटं एरवी ज्वालामुखीची किंवा पोवळ्यांची असतात; सेशेल्सची ही आतली बेटं म्हणजे मोठ्या भूखंडाचा मागे राहिलेला तुकडा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो भारतीय भूखंडापासून सुटला. खडकाच्या अंगावर वरून खाली उभ्या पन्हळी दिसतील, मेणबत्तीवरून मेण ओघळावं तशा. पावसाच्या पाण्याने युगानुयुगं झिजवून त्या पाडल्यात. वरचा भाग करडा आणि खरखरीत, बोटांना मिठाच्या खड्यांसारखा लागतो. पायथ्याशी, जिथे लाटा रोज पुसून जातात, तिथे हात गुळगुळीत फिरतो आणि रंग उजळ होतो. माझ्याबरोबर आलेल्या कितीतरी जणांना समुद्रापेक्षा हा स्पर्श जास्त लक्षात राहिला आहे.

तुम्हाला पोहता येत नाही ही इथे अडचण नाही. बाहेर पोवळ्यांची भिंत आहे, ती मोठ्या लाटा अडवते. आत पाणी उथळ आणि बरंचसं शांत. ओहोटीला तर ते इतकं कमी होतं की पट्टीचा पोहणाराही चालतच असतो. पाण्यात बसा, बसल्या जागी पाण्याखाली बघायचा काचेचा मुखवटा लावून चेहरा बुडवा. मासे बघायला पोहावंच लागतं असं नाही. पायात रबरी बूट हवेतच, कारण तळाला पोवळ्यांचे तुकडे आणि काळ्या काट्यांचे समुद्री साळिंदर असतात, काटा मोडला तर दिवस गेला. चालताना पाय उचलून टाकू नका, वाळूत घासत चला. वाळूत एखादा पाकट दबून बसला असेल तर त्याला चाहूल लागते आणि तो बाजूला होतो. जिवंत पोवळ्यांवर उभं राहू नका, आणि शंख-पोवळी पिशवीत घालून आणू नका. ती नेणं तिथे गुन्हा आहे.

इस्टेट ही जुनी नारळाची वाडी. आत खोबरं वाळवायची भट्टी, व्हॅनिलाचे वेल, जुन्या वसाहतकारांची दफनभूमी आणि अल्दाब्रा जातीची महाकाय कासवं आहेत. कासवांजवळ दहा मिनिटं जरूर द्या, बाकी येता-जाता दिसेल तेवढं पुरे. तिकीट जपून ठेवा आणि बाहेर पडून पुन्हा यायचं असेल तर दारातच विचारून ठेवा.

आता ग्रांद आन्स. तुमच्या यादीत त्यासमोर ‘पोहणे’ लिहिलंय. ते खोडा. मे ते सप्टेंबर-ऑक्टोबर तिथे आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात आणि हा किनारा बरोबर त्यांच्या तोंडावर आहे. समोर पोवळ्यांची भिंत नाही, लाटा थेट येऊन फुटतात. धोक्याचे फलक उगाच लावलेले नाहीत. मिस्टरांना चांगलं पोहता येतं म्हणता, म्हणून हे त्यांच्यासाठी मुद्दाम लिहिते: लाटांनी किनाऱ्यावर ढकललेलं पाणी परत जायला एखादी खोल वाट शोधतं आणि तिथून नदीसारखं बाहेर धावतं. वरून बघितलं तर दोन्हीकडे फेसाळ लाटा आणि मध्ये एक गडद, शांत पट्टा दिसतो. नवखा माणूस नेमका तो शांत पट्टा बघून उतरतो. कोणी त्यात सापडलंच तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नये, दम संपतो. किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्यातून बाहेर पडावं आणि मग लाटांबरोबर आत यावं. पण ऑगस्टमध्ये उतरायचंच नाही, हे बरं.

तरी हा किनारा बघाच. लांबरुंद, मोकळा, आणि पाण्याचा निळा रंग पश्चिमेच्या बाजूला दिसतो त्याहून कितीतरी गडद. अर्धा-पाऊण तास सावलीत बसून लाटा बघायला जागा सुरेख आहे. तिथून डोंगराच्या सोंडेवरून पायवाट पतीत आन्सला आणि पुढे आन्स कोकोला जाते. आन्स कोकोच्या पलीकडच्या टोकाला खडकांनी वेढलेलं नैसर्गिक डबकं आहे, समुद्र खवळलेला असतानाही त्यात डुंबता येतं. फार देखणी जागा. पण पायवाटेला चढ-उतार आहेत, काही ठिकाणी निसरडं असतं, आणि जाऊन-येऊन दीड तास सहज जातो. एकाच दिवसाच्या हिशेबात आणि तुमच्या गुडघ्यासह मी ती वाट धरणार नाही. मिस्टर एकटे धावत जाऊन येतो म्हणतील. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाच्या सहलीत तो बेत मला पटत नाही.

यादीतले आन्स पतात, आन्स गोलेत, ग्रोस रोश आणि फुर्मी हे सगळे उत्तर-पूर्वेच्या एकाच रस्त्यावर आहेत. आन्स फुर्मीला रस्ता संपतो. नकाशावर तिथून आन्स कोको हाकेच्या अंतरावर वाटतो, पण मध्ये सायकलचा रस्ता नाही. बेटाला पूर्ण वळसा घालता येत नाही. आन्स सेव्हेरला वेळ उरला तर आन्स पतातपर्यंत जाऊन या, पाचेक मिनिटं पुढे आहे. बाकीचे सोडा.

आन्स सेव्हेर ही मिस्टरांची जागा. ऑगस्टच्या वाऱ्याला बेटाचाच आडोसा असल्याने तिथलं पाणी त्या महिन्यात बरंच शांत असतं, समोर प्रालँची रेषा दिसते. ते मुखवटा लावून पाण्यात असतील तेव्हा तुम्ही काठावरून लक्ष ठेवायचं, आणि हे काम मनापासून करायचं. आधी खुणा ठरवा: डोक्यावर हात ठेवला तर सगळं ठीक, हात वर करून हलवला तर मदत हवी. दर दहा मिनिटांनी त्यांनी डोकं वर काढून ठीक असल्याची खूण करायची. त्यांनी तुमच्या नजरेच्या टप्प्यातच राहायचं. एक पोहणारा आणि एक न पोहणारा अशी जोडी असली की बहुतेक वेळा न पोहणाऱ्याचा तो तास काळजीत जातो. खुणा ठरल्या की ती काळजी निम्म्याने कमी होते, हे मी अनेक जोडप्यांत बघितलंय. मग त्यांनी बाहेर यावं आणि तुमचा हात धरून तुम्हाला कमरेएवढ्या पाण्यात न्यावं, मुखवटा तुमच्या डोळ्यांवर. पोपटमासा पहिल्यांदा दिसला की काय वाटतं ते मला लिहून सांगता येणार नाही.

सायकलबद्दल. धक्क्यावर उतरताच भाड्याच्या सायकली मिळतात. गिअरची घ्या. दोन्ही ब्रेक तिथेच दाबून बघा, कारण ग्रांद आन्सकडे उतरणारा रस्ता तीव्र आहे. सीटची उंची अशी लावून घ्या की पॅडल सर्वांत खाली असताना गुडघा जवळजवळ सरळ होईल. सीट खाली राहिली तर तुमचा गुडघा तासाभरात बोलायला लागेल. ला पास ते इस्टेट आणि ला पास ते सेव्हेर हे दोन्ही रस्ते तुम्हाला जमण्यासारखे आहेत. ग्रांद आन्सला मात्र दोघंही बॅटरीवरच्या बग्गी-टॅक्सीने जा, परतीची वेळ चालकाशी आधीच ठरवून. वाहतूक डाव्या बाजूनेच आहे.

भर दुपारी उघड्या किनाऱ्यावर राहू नका. बेट विषुववृत्तापासून चार अंशांवर आहे, वारा गार लागतो म्हणून ऊन जाणवत नाही आणि रात्री पाठ टेकवत नाही. लांब बाह्यांचा पोहायचा सदरा दोघांनीही घाला. माडाखाली बसू नका, नारळ पडतात. तिथे ‘ताकामाका’ म्हणतात ती झाडं शोधा, म्हणजे आपली उंडी. पसरट, दाट सावलीची, वाळूच्या अगदी कडेला. दुपारचा तास मी नेहमी ‘व्हव’ पक्ष्याच्या राखीव जंगलात घालवते. उंडी आणि देशी बदामाची जुनी झाडी आहे, सपाट वाट आहे, गुडघ्याला त्रास नाही. आपल्या स्वर्गीय नर्तकाचा हा भाऊबंद, नर संपूर्ण काळा आणि लांब शेपटीचा, म्हणून फ्रेंचमध्ये त्याचं नाव ‘विधवा’. ला दिग हेच त्याचं मुख्य घर. पंधरा मिनिटं न बोलता बसलात तर बहुधा दिसतोच.

पैशांत सेशेल्सचे रुपये थोडे रोख ठेवा. मोबाइल आणि पासपोर्टची प्रत पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ठेवा, आणि ती पिशवी निर्जन किनाऱ्यावर टाकून दोघांनी एकदम पाण्यात जाऊ नका. बोटीचं परतीचं तिकीट सकाळीच काढा, शेवटच्या फेरीची वेळ त्या दिवसाची म्हणून विचारून घ्या, आणि तिच्या आधीची फेरी आपली समजा. सूर्यास्त वर्षभर सहा-साडेसहाच्या सुमारास होतो आणि अंधार झटकन पडतो. सेव्हेरचा सूर्यास्त आणि परतीची बोट यांचा मेळ बहुतेक वेळा बसत नाही. तो बघायचाच असेल तर प्रालँची एक रात्र कमी करून ला दिगला मुक्काम करा. तुमच्या जागी मी असते तर तेच केलं असतं: बोटी गेल्यावर बेट एकदम शांत होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बोटीच्या आधी सूर्स दार्जांच्या बाजूला चालायला मिळतं.

प्रालँला कोणत्या तारखांना आहात ते कळवा. कोष्टक काढून चारही दिवसांच्या ओहोटीच्या वेळा आणि त्यांतला कोणता दिवस घ्यावा, ते लिहून पाठवते.